पंच आणि फासे

ज्या खेळात पंचच संकट उभे करतो आणि पंचच निकाल देतो, त्या खेळात न्याय कसा टिकावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या प्रश्नाचा इतिहास प्रशियात सुरू होतो. १८२४ साली राइसवित्झ या तरुण लष्करी अधिकाऱ्याने युद्धाच्या खेळाचे नियम छापले. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम लिहून पंचाकडे द्यावेत, पंचाने नकाशावर ठोकळे हलवावेत आणि हानी फासे व कोष्टके पाहून ठरवावी, अशी त्याची रीत होती. पुढे कोष्टकांचा जाच वाटू लागला, तेव्हा १८७६ साली व्हर्डी दु व्हेर्नुआ यांनी ती बाजूस सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर भिस्त ठेवली. खेळ चपळ झाला. परंतु आता सारा भार एका माणसाच्या निःपक्षपातीपणावर आला.

तो भार न पेलल्यास काय होते? मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवेच्या स्वारीची रंगीत तालीम नकाशावर केली. ओकुमिया या पंचाने फासे टाकून शत्रूचे नऊ बॉम्ब लागल्याचा निर्णय दिला. सेनानी उगाकी यांनी नवाचे तीन करविले, आणि बुडालेल्या दोन विमानवाहू नौकांपैकी एक पुन्हा तरंगू लागली! ही हकीकत ओकुमियाने फुचिदासह लिहिलेल्या ग्रंथात आहे. जूनमध्ये खऱ्या समुद्रात अशा चार नौका बुडाल्या. त्या एका फेरफारानेच पराभव झाला असे कोणी म्हणणार नाही. पण फासे जो इशारा देत होते, तो मात्र वाया गेला.

युद्धखेळांच्याच वंशात १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स व आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ जन्मला. यात प्रत्येक गडी एका वीराची भूमिका घेतो. पंच प्रसंग सांगतो, गडी आपली कृती सांगतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ‘स्किल चॅलेंज’ आले. राजाचे मन वळवणे किंवा अरण्य पार करणे अशा कामी ठराविक अपयशांपूर्वी ठराविक यशे मिळवायची. सोप्या कसोटीला दोन अपयशांआधी चार यशे, कठीणीला सहांआधी बारा. आता गणित पाहा. ज्याचा यत्न दहांत आठ वेळा साधतो, तो सोपी कसोटी शंभरांत सुमारे ७४ वेळा जिंकेल, आणि ‘कठीण’ कसोटी ८९ वेळा! त्याच वर्षी प्रकाशकांनी दुरुस्ती छापून सर्व कसोट्यांना तीन अपयशांची मर्यादा घातली.

दुरुस्ती उगाकींनीही केली आणि या प्रकाशकांनीही. पण एकाने पडलेला फासा बदलला. दुसऱ्यांनी पुढच्या डावासाठी नियम उघडपणे बदलला. न्यायी पंचाची वाट ही दुसरी होय. काम किती अवघड आणि चुकल्यास काय गमवावे लागेल, हे त्याने फासे टाकण्यापूर्वी सांगावे. गड्याने सुचविलेली अनपेक्षित युक्ती मोकळ्या मनाने तोलावी. आणि फासे पडल्यावर, ते स्वतःला रुचोत वा न रुचोत, त्यांचा मान राखावा.