अणुकेंद्राच्या आकाराचा शोध

समूहाचे स्वरूप त्यातील घटकांवरून ठरते, की समूह म्हणून त्याला निराळे जीवन असते, हा प्रश्न समाजशास्त्राचा वाटतो. विसाव्या शतकाच्या मध्यास तोच प्रश्न अणुकेंद्राविषयी उभा राहिला.

१९३६ मध्ये नील्स बोर यांनी अणुकेंद्र म्हणजे परस्परांशी घट्ट बांधलेल्या कणांचा समूह, अशी कल्पना मांडली. बाहेरून आत शिरलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा त्या समूहात वाटली जाते. १९३९ मध्ये बोर आणि जॉन व्हीलर यांनी युरेनियमच्या भंजनाचा उलगडा केला, तोही द्रवाच्या थेंबाच्या उपमेनेच: थेंब लांबतो, मध्ये आवळला जातो आणि दुभंगतो.

१९४९ मध्ये मारिया गेपर्ट-मेयर यांनी, आणि स्वतंत्रपणे हान्स येन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, याच्या उलट चित्र रेखाटले. त्यात प्रत्येक कण आपल्या कक्षेत जवळजवळ स्वतंत्रपणे फिरतो, आणि कवच पूर्ण भरले की अणुकेंद्र विशेष स्थिर होते. २, ८, २०, २८, ५०, ८२ व १२६ या ‘जादूच्या संख्यां’चे कोडे त्यामुळे सुटले. दोन्ही चित्रांच्या बाजूने पुरावा होता. परंतु ती एकत्र नांदावीत कशी?

आकाराच्या प्रश्नाने हा तिढा सोडविला. काही अणुकेंद्रे गोल नाहीत, हे १९३५ मध्येच युरोपियमच्या वर्णपटावरून दिसले होते. पुढे विरल मृत्तिका मूलद्रव्यांत ही विकृती इतकी मोठी आढळली, की एकट्या प्रोटॉनच्या कक्षेने तिचा हिशेब लागेना. १९४९ साली कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाऊन्स यांचे या विषयावरील व्याख्यान ऐकून जेम्स रेनवॉटर यांना उत्तर सुचले: बाहेरच्या कणांच्या दाबाने आतला सारा गाभाच लंबगोल होत असावा. नील्स बोर यांचे पुत्र ओगे बोर त्या काळात रेनवॉटर यांच्याच खोलीत बसून काम करीत असत.

कोपनहेगनला परतल्यावर ओगे बोर यांनी बेन मॉटेलसन यांच्यासह या कल्पनेला सिद्धांताचे रूप दिले. पुंजयामिकीनुसार पूर्ण गोलाचे समूहरूप परिवलन संभवत नाही; लंबगोलाचे संभवते. प्रोटॉन व न्यूट्रॉन दोन्ही सम असलेले असे अणुकेंद्र फिरू लागले, तर त्याच्या ऊर्जापातळ्या ६, २०, ४२ या प्रमाणात चढत जातात. गोल अणुकेंद्राचा पृष्ठभाग नुसता कंप पावत असेल, तर त्या समान अंतराने चढतात. हाफ्नियम-१८० च्या पातळ्या सुमारे ९३, ३०९ व ६४१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहेत. दुसरी पातळी पहिलीच्या ३.३ पट येते. परिवलनाचे भाकीत ३.३३ चे, कंपनाचे २ चे. १९५३ मध्ये या पातळ्यांत परिवलनाची खूण ओळखली गेली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरूनच या मूलद्रव्याचे नाव पडले आहे, हा एक सुखद योगायोग.

१९७५ चे नोबेल पारितोषिक ओगे बोर, मॉटेलसन आणि रेनवॉटर यांना विभागून मिळाले. परिवलनाची बाजू आज भक्कम आहे. कंपनाची तितकी नाही: त्याचे नमुनेदार उदाहरण मानल्या गेलेल्या कॅडमियमच्या समस्थानिकांवरील अलीकडच्या सूक्ष्म मोजमापांशी ते साधे चित्र जुळत नाही. मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र टिकून राहिले आहे. स्वतंत्र कण समूहाला आकार देतात, आणि तो आकार उलट त्यांच्या कक्षा ठरवितो.