छळछावणी लक्षणसमूह

नाझी छळछावण्यांतून, ज्यूंच्या बंदिस्त वस्त्यांतून (घेटो) किंवा अज्ञातवासातून वाचलेल्या लोकांत वर्षानुवर्षे टिकून राहणारा मानसिक व शारीरिक विकारांचा समूह. यास ‘उत्तरजीवी लक्षणसमूह’ असेही म्हणतात.

पार्श्वभूमी : कोणताही मानसिक धक्का निरोगी माणसात कालांतराने ओसरतो, न ओसरल्यास दोष रुग्णाच्या उपजत प्रकृतीचा किंवा पेन्शनच्या लोभाचा, असे जर्मन मनोविकारशास्त्र पहिल्या महायुद्धापासून मानत आले होते. पश्चिम जर्मनीच्या 1956 च्या भरपाई कायद्यानुसार आजारपणाबद्दल पेन्शन मिळण्यास कमाईची क्षमता किमान 25 टक्के घटलेली असणे आवश्यक होते आणि ती छळामुळेच घटली, हे दाखवावे लागे. अनेकांनी व्हिसा मिळावा म्हणून स्थलांतरापूर्वीच्या तपासणीत आपला त्रास लपवला होता. ‘प्रकृती उत्तम’ असा तोच दाखला पुढे त्यांच्या दाव्याच्या आड येई.

लक्षणे : झोपमोड, छावणीची दुःस्वप्ने, सततची चिंता, नैराश्य, स्मृती व एकाग्रतेतील बिघाड, थकवा आणि आप्त मेले असता आपण जगलो याची अपराधी भावना. काही रुग्णांत मुक्ततेनंतरचा बराच काळ लक्षणांविना जातो.

संशोधन : ऑश्विट्झ व बुखेनवाल्ड येथे स्वतः कैदी असलेले नॉर्वेचे मनोविकारतज्ज्ञ लिओ आइटिंगर यांनी नॉर्वे व इस्राएल येथील वाचलेल्यांचा तौलनिक अभ्यास 1964 मध्ये प्रसिद्ध केला. उपासमार व डोक्यावरील मार यांचे मेंदूवरील परिणामही त्यांनी तपासले. जर्मनीत उलरिख व्हेन्त्सलाफ यांनी 1958 मध्ये, छळाच्या अनुभवाने व्यक्तिमत्त्वच कायमचे बदलू शकते, असे मांडले. न्यूयॉर्कमध्ये विल्यम नीडरलँड यांनी भरपाईसाठी आलेल्यांच्या तपासण्यांतून ‘उत्तरजीवी लक्षणसमूह’ ही संज्ञा रूढ केली. कुर्ट आइसलर यांनी 1963 च्या लेखात भरपाईचे दावे तपासणाऱ्या डॉक्टरांनाच जाब विचारला : स्वतःची किती मुले मारली गेली तरी माणसाने लक्षणांविना राहावे, अशी तुमची अपेक्षा आहे? भरपाई कायद्याच्या 1965 च्या दुरुस्तीने, किमान एक वर्ष छावणीत काढलेल्या व कमाईची क्षमता 25 टक्के घटलेल्या व्यक्तीची ही घट छळामुळेच झाली, असे गृहीत धरले जाऊ लागले.

उपचारांवरील परिणाम : विकाराचे कारण रुग्णाच्या प्रकृतीत न शोधता घडलेल्या घटनेत शोधण्याची दिशा यातून रुळली. नेदरलँड्समध्ये यान बास्टियान्स यांनी एलएसडीच्या साहाय्याने केलेले उपचार वादग्रस्त ठरले. मात्र युद्ध व छळ यांच्या बळींसाठी 1973 मध्ये तेथे ‘सेंट्रुम 45’ हे स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू झाले. इस्राएलमध्ये वाचलेल्यांसाठी ‘आमखा’ ही संस्था 1987 मध्ये स्थापन झाली. वाचलेल्यांच्या मुलांवरील परिणामांकडेही 1960 च्या दशकापासून लक्ष गेले.

व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या अनुभवाबरोबरच या संशोधनाचाही आधार घेऊन अमेरिकन मनोविकार संघटनेने 1980 मध्ये आघातोत्तर ताणविकृतीला (पीटीएसडी) अधिकृत निदानाचे स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात भीषण अनुभवानंतरच्या कायमस्वरूपी व्यक्तिमत्त्वबदलाची स्वतंत्र नोंद असून छळछावणीतील अनुभव हे तिचे एक उदाहरण म्हणून दिले आहे.