नागरिक, संघटना आणि दबावगट : सीमाभागात हक्काची मागणी कशी उभी राहते?

मन्नाएखेळ्ळी (जि. बीदर) : हैदराबाद-सोलापूर हायवेवरचं हे गाव. तेलंगणाची हद्द इथून जवळ, महाराष्ट्राचीही फार लांब नाही. बाजारात कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. अशा भागात ‘आपण नक्की कुठले?’ हा प्रश्न दर निवडणुकीला निघतो. राज्यघटनेचं उत्तर मात्र सरळ आहे. भाषा कुठलीही असो, नागरिकत्व एकच. पण कागदावरचा हक्क प्रत्यक्षात मिळवायचा तर एकट्यादुकट्याचं चालत नाही, संघटना लागते. ही संघटना म्हणजे नेमकं काय, तिचे प्रकार कोणते आणि या भागात कुठल्या मागणीचं काय झालं, याची ही माहिती.

नागरिकत्व एकच, राज्य बदललं तरी

घटनेच्या कलम ५ ते ११ मध्ये आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारताचं नागरिकत्व सांगितलं आहे. अमेरिकेत माणूस देशाचा नागरिक असतो आणि आपल्या राज्याचाही. भारतात ‘कर्नाटकाचा नागरिक’ किंवा ‘महाराष्ट्राचा नागरिक’ असा वेगळा दर्जा नाही. काही सवलतींसाठी रहिवासाचा दाखला लागतो, तो भाग निराळा.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद संस्थानातून आलेला जुना बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. सोयरीक एका राज्यात आणि सातबारा दुसऱ्या राज्यात, असं पुष्कळ घरांचं झालं. राज्य बदललं, पण नागरिकत्वाला धक्का लागला नाही.

नागरी समाज, हितगट आणि पक्ष

सरकार, बाजार आणि घर यांच्या बाहेर लोक जिथं स्वतःहून एकत्र येतात, त्याला नागरी समाज म्हणतात. बचत गट, वाचनालय, भजनी मंडळ, वकील संघ, शिक्षक संघटना हे सगळं त्यात येतं. या मातीला ही कल्पना परकी नाही. बाराव्या शतकात कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या अनुभव मंटपात वेगवेगळ्या जातींचे शरण-शरणी एकत्र बसून चर्चा करत, असं वचन परंपरा सांगते.

या संघटनांपैकी जी एखादी ठराविक मागणी घेऊन उभी राहते तो हितसंबंधी गट. तो निवेदन, मोर्चा, बंद किंवा कोर्ट या मार्गानं सरकारवर जोर लावू लागला की त्याला दबावगट म्हणतात. पक्षाला सत्ता हवी असते, दबावगटाला सत्तेकडून काम करून हवं असतं. संघटना काढण्याचा हक्क कलम १९(१)(क) मध्ये आहे. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीनं त्यात सहकारी संस्थांचाही उल्लेख आला.

प्रत्यक्षात ही रेघ पुसट असते. बेळगावची महाराष्ट्र एकीकरण समिती चळवळही आहे आणि निवडणूकही लढवते. २०१३ मध्ये तिचे दोन आमदार कर्नाटक विधानसभेत निवडून आले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. मतपेटीत हार झाली म्हणून मागणी संपत नाही, पण सरकार तिला किती मोजतं यावर परिणाम होतोच.

तीन मागण्या, तीन वाटा

पहिली मागणी ३७१(जे) ची. हैदराबाद-कर्नाटक भाग मागास राहिला, त्याला घटनेत खास तरतूद हवी, अशी मागणी अनेक वर्षं चालली. आंध्र प्रदेशासाठी १९७३ च्या घटनादुरुस्तीनं ३७१(डी) आलं होतं, तो दाखला समोर होता. वैजनाथ पाटील यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद-कर्नाटक होराट समितीनं लढा दिला. केंद्रानं मागणी आधी फेटाळली, तरी ती सोडली नाही. वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांनी ती उचलली आणि अखेर २०१२ मध्ये संसदेनं ९८ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. या भागातल्या शिक्षण संस्थांत स्थानिकांना ७० टक्के जागा, राज्यातल्या इतर संस्थांत ८ टक्के, शिवाय नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या. ही मागणी भाषेची नव्हती, प्रदेशाची होती. त्यामुळं दाखल्याच्या अटीत बसणाऱ्या भालकीच्या मराठी पोराला आणि रायचूरच्या कन्नड पोराला तिचा फायदा सारखाच.

दुसरी मागणी मराठा महामंडळाची. नोव्हेंबर २०२० मध्ये येडियुरप्पा सरकारनं मराठा समाजाच्या विकासासाठी ५० कोटींची घोषणा केली. तेव्हा बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर होती. कन्नड संघटनांनी विरोध केला आणि ५ डिसेंबरला बंद पुकारला. हे महामंडळ मराठा समाजासाठी आहे, मराठी भाषेसाठी नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. मराठी बोलणारा प्रत्येक माणूस मराठा नसतो. भाषेची मागणी आणि जातीची मागणी एकमेकींत मिसळली की दोन्हींचं नुकसान होतं, हे तेव्हा दिसलं.

तिसरी वाट सीमाप्रश्नाची. केंद्रानं १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला आणि महाराष्ट्रानं तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात बीदर, भालकीसह ८६५ गावांचा उल्लेख होता. इथं वादी आणि प्रतिवादी राज्यं आहेत, गावकऱ्याच्या हातात फारसं काही नाही. कोर्टाच्या तारखेची वाट बघताना शाळेचा आणि दाखल्याचा प्रश्न मागं पडू नये, एवढं मात्र गावाला बघता येतं.

समोरही संघटना असते

लोकशाहीत एकाच गटाचा आवाज नसतो. १९८० च्या दशकात गोकाक अहवालासाठी कर्नाटकात मोठं आंदोलन झालं, अभिनेते राजकुमार त्यात उतरले. शाळेत कन्नडला पहिलं स्थान द्या, ही त्यांची मागणी. पुढं शिक्षणाच्या माध्यमाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. मुलानं प्राथमिक शाळेत कुठल्या भाषेतून शिकावं ही निवड पालकांची, सरकार ती लादू शकत नाही, असा निकाल कोर्टानं मे २०१४ मध्ये दिला. ही लढाई खासगी शाळांच्या संघटनेनं लढली, पण निकालाचा आधार मराठी पालकालाही आहे.

दुसरी अडचण याहून मोठी. ज्याच्याजवळ पैसा, वेळ आणि ओळख आहे त्याचीच संघटना जोरात चालते. ऊस लावणाऱ्याचं ऐकलं जातं, ऊस तोडणाऱ्याचं क्वचितच. म्हणून सगळ्यात मोठा आवाज म्हणजे सगळ्या समाजाचं मत, असं धरून चालत नाही.

काय मागता येतं, कुठं मागायचं

कलम ३५० : तक्रारीचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो.

कलम ३५०(अ) : भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणं हा राज्याचा प्रयत्न असला पाहिजे. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं त्यासाठी वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं हे माप ठरवलं होतं.

कलम ३५०(ब) : भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा आयुक्त. हे कार्यालय १९५७ पासून आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असं ठरलेलं आहे. हा कायदा नाही, राज्यांनी मान्य केलेलं धोरण आहे. म्हणून पाठपुरावा लागतो.

माहिती अधिकार, २००५ : दहा रुपयांत अर्ज, ३० दिवसांत उत्तर. मराठी शाळेत किती जागा मंजूर, किती भरलेल्या, हे याच मार्गानं लेखी हातात येतं. हा कायदाही आधी राजस्थानातल्या खेड्यापाड्यांतल्या जनसुनावण्यांतून आणि महाराष्ट्रातल्या उपोषणांतून पुढं आला.

गावात एखादी संघटना पावती पुस्तक घेऊन दारात आली तर तीन गोष्टी विचाराव्यात. सभासद कोण आहेत? हिशेब कुणापुढं मांडला जातो? आणि मागची निवडणूक संपल्यावर या संघटनेची बैठक कधी झाली?