जैसलमेर जिल्हा : भूरचना, जलनिस्सारण व भूजल

राजस्थानच्या पश्चिम टोकाचा, पाकिस्तान सीमेवरील जिल्हा. क्षेत्रफळ ३८,४०१ चौ. किमी. वार्षिक सरासरी पाऊस २०० मिमी.हून कमी, तोही बहुतेक पावसाळ्यातल्या मोजक्या सरींत. ख्याती वाळूच्या धोऱ्यांची, म्हणजे टेकड्यांची, असली, तरी जैसलमेर शहराभोवती उघड्या खडकाचे विस्तीर्ण माळ आहेत आणि पाणी कुठे थांबेल हे हा खडकच ठरवतो.

पूर्वेस पोखरणच्या बाजूला मलानी गटाचे प्राचीन ज्वालामुखीजन्य खडक आढळतात. तिथून वायव्येकडे जावे तसे थर नवे होत जातात : आधी लाठीचा वालुकाश्म, मग जैसलमेरचा पिवळा चुनखडक, पुढे सानू-खुईयाला भागातील तृतीयक कालखंडाचे थर. शहराजवळील आकल येथे लाठी थरांत सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची अश्मीभूत खोडे उघडी पडली आहेत. आज झुडूपही जेमतेम तग धरते तिथे त्या काळी घनदाट अरण्य होते.

बारमाही नदी एकही नाही. प्रवाह अंतर्गत असून कोटरीच्या टेकड्यांतून निघणारी काकनीसारखी नदीही समुद्र गाठत नाही. चांगल्या पावसात ती बुझ तलावापर्यंत पोहोचते. अन्यत्र ओहोळ रणात, म्हणजे खाऱ्या सखल भागात, विरतात. खडकाळ उतारावरून वेगाने येणारे हेच पाणी पालीवाल ब्राह्मणांनी खडीनमध्ये अडवले. उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालायचा, मागे साठलेले पाणी जमिनीत जिरू द्यायचे आणि हिवाळ्यात त्या ओलीवर, वेगळे पाणी न देता, गहू-हरभरा घ्यायचा. वाहून आलेला गाळ दरवर्षी शेत सुपीक करतो. इतक्या कमी पावसात गव्हाचे पीक काढणारी ही रचना जिल्ह्याचे सर्वांत मोठे जलवैभव मानायला हवी.

स्थानिक लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात : पावसाचे पालर, खोल विहिरीचे पाताळपाणी आणि या दोहोंमधले रेजाणी. वाळूखाली जिथे जिप्समचा किंवा चिकणमातीचा घट्ट पट्टा असतो, तिथे मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. बेरी नावाच्या अरुंद तोंडाच्या विहिरीत ही ओल, म्हणजेच रेजाणी पाणी, थेंबाथेंबाने झिरपते.

खोल भूजल बऱ्याच ठिकाणी खारे असून फ्लोराइडचा त्रासही आहे. अपवाद लाठी वालुकाश्माचा : चांदन-लाठी पट्ट्यातील नलिकाकूप गोडे पाणी देतात. मात्र हा साठा मुख्यतः प्राचीन आहे आणि आजच्या पावसाने त्याची भरपाई फारच थोडी होते. वायव्येकडील किशनगढ-घंटियाल भागातले गोडे भूजल हजारो वर्षांपूर्वीचे असल्याचे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या समस्थानिक अभ्यासातून दिसले. असे पाणी सिंचनासाठी वारेमाप उपसणे म्हणजे भावी पिढ्यांच्या पिण्याच्या पाण्यावर घाला घालणे होय.

१९८७ मध्ये इंदिरा गांधी कालव्याचे पाणी जिल्ह्यातील मोहनगढला पोहोचले. शेती वाढली, पण वाळूखालच्या ज्या घट्ट थराने बेऱ्या जगवल्या, त्याच थरावर जादा पाणी तुंबून काही शेते पाणथळ आणि खारवट झाली. स्थानिक बोलीत याला ‘सेम’ म्हणतात.

जैसलमेरच्या किल्ल्यातही असेच घडले. घरोघरी नळ आले, सांडपाणी वाहून नेण्याची सोय मात्र अपुरी राहिली; पाणी टेकडीच्या ठिसूळ थरांत मुरत गेले आणि १९९० च्या दशकात काही बुरूज ढासळले.