पतीची कंपनी आणि पत्नीचा हक्क

यवतमाळच्या कापूसबाजारात एखादे जिनिंग कोणाचे असे विचारल्यास चटकन एखाद्या शेठजींचे नाव सांगितले जाते. कागदोपत्री मात्र ते खाजगी मर्यादित कंपनीचे असू शकते. संसार सुरळीत चालला असता हा भेद कोणाला जाणवत नाही. तो मोडला की पत्नीला त्याची पहिली झळ लागते.

ख्रिस्ती दांपत्यांसाठीचा भारतीय घटस्फोट कायदा १८६९ सालचा. दावा चालू असताना पत्नीला मिळणारी पोटगी पतीच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एकपंचमांशाहून अधिक नसावी, अशी त्यात अट होती. ती २००१ च्या दुरुस्तीने गेली. परंतु जो गृहस्थ स्वतःच्याच कंपनीतून जुजबी पगार घेतो आणि बंगला, मोटार कंपनीच्या नावे ठेवतो, त्याचे उत्पन्न ते कितीसे दिसणार? (चर्चच्या न्यायपीठाने विवाह शून्य ठरवला, तरी हा प्रश्न दिवाणी न्यायालयाचाच.)

कायद्याची भूमिका जुनी आहे. कंपनी आणि तिचा धनी या दोन भिन्न व्यक्ती, असे लंडनच्या उमराव सभेने १८९६ मध्ये सॉलोमन नावाच्या बूट-व्यापाऱ्याच्या खटल्यात ठरविले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ मध्ये, मुंबईच्या एका भागधारक महिलेच्या प्राप्तिकर प्रकरणात, भागधारकाचा हक्क लाभांशावर असतो, कंपनीच्या चहामळ्यावर नव्हे, असे सांगितले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून, वेगळा करार नसेल तर, पतिपत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते. तरीही वाटणी होते ती शेअरांची, कारखान्यातील यंत्रांची नव्हे. महाराष्ट्रात तर असा निम्मा वाटा देणारा कायदाच नाही.

इंग्लंडमध्ये २०१३ साली तेलव्यवसायातील एका पतीच्या कंपन्यांच्या नावे सात घरे होती. केवळ घटस्फोट आहे म्हणून कंपनीचा पडदा दूर सारण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मात्र कंपन्यांनी कागदपत्रे दडविली, तेव्हा घरांमागचा पैसा पतीचाच असावा, असे अनुमान न्यायालयाने काढले व घरे पत्नीकडे गेली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. तत्त्वही अबाधित राहिले आणि लबाडीही फळली नाही.

आपल्याकडे असाच कागदाचा मार्ग खुला झाला तो नागपूर खंडपीठाकडून गेलेल्या पोटगीच्या एका खटल्यामुळे. यवतमाळची अपिलेही याच खंडपीठापुढे जातात. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. शेअर आणि धंद्यातील हितसंबंध त्यात सांगावे लागतात. ते खरे आहेत की नाहीत हे ताडण्यासाठी कंपनी निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रे शुल्क भरून पत्नीलाही पाहता येतात.