लहान प्रवासी व्हॅन : सामानाची जागा आणि तिची मर्यादा

औसा शहर तुळजापूर–लातूर–नांदेड महामार्गावर वसले असून जिल्ह्याची मुख्य बाजारपेठ असलेले लातूर येथून सुमारे २० किलोमीटरवर आहे. लग्नाची भांडी, तुळजापूरच्या यात्रेचा शिधा, मोंढ्यावर न्यायचे सोयाबीनचे पोते अशा सामानासोबत घरची माणसेही निघतात. लहान प्रवासी व्हॅन दोहोंची सोय करते. मात्र तिची जागा जाणून वापरणे आवश्यक असते.

रचना
या प्रकारातील 'मारुती व्हॅन' १९८४ मध्ये बाजारात आली. १९८८ मध्ये तिचे नाव 'ओम्नी' झाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे ७९६ सीसीचे इंजिन पुढील आसनांखाली होते. त्यामुळे अवघ्या ३.३७ मीटर लांबीच्या गाडीत मागे सपाट व मोकळी जागा मिळाली. सरकत्या दरवाजांमुळे अरुंद बोळातही सामान चढवता येई. २०१० मध्ये आलेल्या 'ईको'तही इंजिन पुढील आसनांखालीच आहे. तेथे उष्णता राहते. म्हणून औषधे, तुपाचे डबे वा ज्वलनशील पदार्थ आसनाजवळ ठेवू नयेत.

आसने की सामान?
आसनांची तिसरी रांग असल्यास तिच्यामागे जेमतेम पिशव्या मावतात. पाच आसनी गाडीत मागील भाग मोकळा मिळतो. पण सीएनजीची टाकी असल्यास त्यातीलही काही जागा जाते. सामानासाठी आसने परस्पर काढून टाकणे योग्य नव्हे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही.

भार कसा ठेवावा?
मोटारीच्या डिकीप्रमाणे व्हॅनमध्ये प्रवासी व सामान यांत भिंत नसते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, तर सुटे सामान त्याच वेगाने पुढे येते. तो आघात सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूच्या आघाताएवढा असतो. २० किलोचा तेलाचा डबाही अशा वेळी प्राणघातक ठरतो.

म्हणून जड वस्तू तळाशी, आसनाच्या पाठीला टेकवून ठेवाव्यात व दोरीने घट्ट आवळाव्यात. हलके सामान वर ठेवावे, पण आसनाच्या पाठीपेक्षा उंच रचू नये. टपावरील जड ओझ्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. मागच्या टोकाला अतिभार झाल्यास पुढील चाकांची पकड कमी होते.

जागा रिकामी दिसली तरी वजनाची मर्यादा आधीच संपलेली असू शकते. सरासरी ६० किलोच्या सात प्रवाशांचेच वजन ४२० किलो होते. उत्पादकाने ठरवून दिलेल्या कमाल वजनातून माणसांचे वजन वजा करावे. उरेल तेवढेच सामान घ्यावे आणि बाकीच्यासाठी मालवाहू वाहन करावे.