बडोद्याचा दोनदा आलेला १ मे

महाराष्ट्रात १ मे हा दिवस १९६० सालच्या राज्यस्थापनेच्या नावाने साजरा होतो. परंतु बडोद्याच्या वाडी, रावपुरा, दांडिया बाजार या भागांत गायकवाडी अमलापासून वस्ती करून राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या इतिहासात हीच तारीख त्याआधी ११ वर्षे, १९४९ साली, एकदा येऊन गेली होती, आणि माझ्या मते त्या दोहोंपैकी पहिलीच अधिक जड होती. दोन्ही खेपेस वार रविवार होता, हा पंचांगाचा निव्वळ योगायोग.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पिलाजीराव व दमाजीराव यांच्या स्वाऱ्यांपासून सुरू झालेली, सयाजीराव तिसरे यांच्या ६० वर्षांहून दीर्घ कारकीर्दीत वैभवास पोहोचलेली ही सत्ता समाप्त झाली, तेव्हा तिच्याबरोबर एक संपूर्ण कारभारी सृष्टीही मागे पडली. प्रांताचा सुभा जाऊन जिल्ह्याचा कलेक्टर आला, महालाचा वहिवाटदार जाऊन मामलेदार आला. आणि हुजूर कचेरी, फडणिशी, खासगी या ज्या खात्यांच्या आश्रयाने, मोडी दफ्तरांच्या सान्निध्यात, मराठी कारकुनांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, त्यांचा हुकूम आता मुंबईहून सुटू लागला. राज्य सरण्याच्या अगदी आदल्या दिवशी, ३० एप्रिल रोजी, महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय अस्तित्वात आले. मावळत्या संस्थानाने यापेक्षा शहाणपणाचे मृत्युपत्र क्वचितच केले असेल. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता.

तारखांची अशी गाठ अन्यत्रही पडते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यास ४ जुलै १८२६ रोजी बरोबर ५० वर्षे पुरी होत असता, तो घडविणारे जेफर्सन व ॲडम्स हे दोघेही माजी अध्यक्ष त्याच दिवशी निवर्तले, आणि तेथील भाविकांनी त्यात ईश्वरी संकेत पाहिला. बडोद्याच्या बाबतीत संकेत वगैरे शोधण्याचे कारण नाही; मात्र दोन्ही तारखांना जोडणारा एक माणूस आहे. हंसाबेनचे पती डॉ. जीवराज मेहता हे जन्माने अमरेलीचे, म्हणजे बडोद्याच्याच मुलुखातले. ज्या अमरेलीत सयाजीरावांनी १८९३ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला, तेथल्या या सुपुत्राकडे संस्थानाच्या अखेरच्या पर्वात दिवाणपद होते. आणि १ मे १९६० रोजी साबरमती आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते गुजरात राज्याचे उद्घाटन झाले, तेव्हा पहिले मुख्यमंत्री म्हणून शपथ घेणारेही तेच होते.

मधली ११ वर्षे वाडीतला मराठी गृहस्थ पुण्या-मुंबईच्या आप्तांबरोबर एकाच राज्याचा प्रजाजन होता. गायकवाडीत राजा त्याच्या भाषेचा होता, पण मुलूख गुजराती. आता राजा गेला, तरी मुलुखाचा मोठा भाग त्याच्या भाषेचा झाला. दुसऱ्या १ मेने हाही संबंध तोडला, आणि त्याच्या आप्तांकडे ज्या दिवशी रोषणाई झाली त्याच दिवशी तो परराज्यातला ठरला. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने ज्या नगरीने राजाश्रयाच्या काळात भरविली, तिथे पुढचे संमेलन भरण्यास २०१८ साल उजाडावे लागले.